वेल्डिंग शाबूत, मग तडा शेजारून का जातो? जोडकामानंतर लोखंड कसं निववायचं, ते समजून घ्या

कोलाड : चिखलणी ऐन भरात असताना पॉवर टिलरचा शाफ्ट तुटला की शेतकरी तो खांद्यावर टाकून थेट नाक्यावरचं वेल्डिंगचं दुकान गाठतो. वीस मिनिटांत काम होतं. पावसाची उघडीप कधी संपेल याचा नेम नसतो, गडी शेतात थांबलेले असतात, म्हणून लाल जोड बादलीतल्या पाण्यात बुडवला जातो. चर्र आवाज येतो, पैसे दिले जातात आणि दोन-तीन दिवसांत शाफ्ट पुन्हा दुकानात येतो. नीट पाहिलं तर वेल्डिंग जसंच्या तसं असतं. तुटलेलं असतं ते त्याला अगदी लागून असलेलं लोखंड.

मग बोल लावला जातो तो काडीला, नाहीतर वेल्डरच्या हाताला. बऱ्याच वेळा दोष या दोघांचाही नसतो. दोष असतो त्या बादलीचा, आणि जोडण्याआधी लोखंड गरम न करण्याचा.

कोलाड हे असल्या कामांचं ठिकाणच आहे. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातल्या वेर्णेपर्यंत धावते. रोह्याच्या वाटेवर धाटावची एमआयडीसी आहे. डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्याचं पाणी जिथं पोचतं तिथं उन्हाळी भातही होतं. म्हणजे ट्रकच्या पाट्यापासून ट्रॉलीच्या हुकापर्यंत आणि भातगिरणीच्या बिडाच्या पार्टापासून जेसीबीच्या बकेटपर्यंत सगळं लोखंड इथल्या दुकानांत येतं. अडचण अशी की हे सगळं एकाच जातीचं लोखंड नसतं, आणि त्याला एकच औषध चालत नाही.

धाव आणि कोयता

वेल्डिंग करताना लोखंडात काय होतं, हे गावातल्या दोन जुन्या कामांवरून चांगलं कळतं.

पहिलं काम बैलगाडीच्या चाकाला धाव बसवण्याचं. लाकडी चाकापेक्षा लोखंडी धाव मुद्दाम थोडी लहान करतात. ती जाळात तापवली की वाढते, मग चाकावर चढवतात आणि पाणी मारतात. निवताना ती आकसते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून आवळते. चार मीटर घेराची धाव ४०० अंश सेल्सिअसने तापली तर जवळपास दोन सेंटिमीटर वाढते. परत आकसताना ती किती जोर लावते, हे त्या लाकडाच्या करकरण्यावरून ऐकू येतं.

वेल्डिंगचा टाकाही असाच आकसतो. काडी वितळते तेव्हा तिथलं लोखंड १५०० अंशांच्या घरात असतं आणि हातभर पलीकडचं लोखंड थंड असतं. टाका निवताना त्याला लहान व्हायचं असतं, पण दोन्ही बाजूंचं थंड लोखंड त्याला सरकू देत नाही. मग तो ओढलेल्या दोरीसारखा ताणूनच बसतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. साध्या लोखंडात तो दर चौरस मिलिमीटरला २५ किलोपर्यंत, म्हणजे लोखंड वाकायला लागेल इतका असू शकतो. एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड टाक्याचा हिशेब केला तर अडीच टन झाले. ट्रॉलीत अजून एक गोणीही टाकलेली नाही, तोवर जोडावर हे ओझं आहे.

दुसरं काम कोयत्याचं. लोहार कोयत्याची धार लालबुंद करतो आणि पाण्यात बुचकळतो. याला पाणी देणं म्हणतात. त्याने धार कडक होते. पण नुसतं पाणी देऊन सोडलं तर कोयता काचेसारखा होतो आणि पहिल्याच गाठीवर त्याचा तुकडा उडतो. म्हणून जाणता लोहार तो परत हलका तापवतो आणि पिवळट, तांबूस, जांभळा असे रंग चढताना बघून योग्य वेळी थांबवतो. कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो.

वेल्डिंगच्या टाक्याला लागून असलेली दोन-चार मिलिमीटरची पट्टीही अशीच लालबुंद होते. पाण्यात बुडवली नाही तरी शेजारचं थंड, जाड लोखंड तिची उष्णता झटक्यात शोषून घेतं. म्हणजे बादली नसतानाही तिला पाणी दिलं जातं. वर बादलीत बुडवलं तर दुप्पट. ती पट्टी काचेसारखी होते, आणि धावेसारखा ताण तिलाच ओढत असतो. तडा तिथून जातो, यात नवल काही नाही.

ग्राइंडरवर ठिणगी बघा

हे सगळं प्रत्येक लोखंडाला सारखं लागू होत नाही. फरक कार्बनमुळे पडतो. खिडकीची ग्रील, गेट, अँगल, चॅनेल, ट्रॉलीची चौकट हे एमएस असतं. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो आणि पाणी दिलं तरी ते फारसं कडक होत नाही. शाफ्टसाठी बाजारात ईएन-८ नावाचं पोलाद मिळतं, त्यात कार्बन साधारण ०.४ टक्के. ट्रकच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर. बिडात तर अडीच ते चार टक्के. कार्बन जितका जास्त, तितकी ती पट्टी ठिसूळ.

पार्टावर जात लिहिलेली नसते, पण ग्राइंडर टेकवून ठिणगी बघता येते. एमएसची ठिणगी लांब, सरळ, पिवळसर आणि कमी फाटे फुटणारी. पाट्याच्या पोलादाची ठिणगी आखूड आणि फुलबाजीसारखी चांदण्या फुटणारी. बिडाची लालसर, मरतुकडी, चाकाजवळच विझणारी. शंका असेल तर एमएसचा एक तुकडा शेजारी घासून दोन्ही ताडून पाहावेत. अनुभवी वेल्डर हे न सांगता करतात. ज्या दुकानात पार्ट आला की थेट काडी लावली जाते, तिथं निदान गिऱ्हाइकाने तरी विचारायला हवं.

पातळ एमएसच्या कामाला तापवायची गरज नसते. जोड आपोआप निवू द्यायचा, एवढंच. त्यावरही घाईने पाणी मारायची सवय आहे. ग्रीलचं त्याने फार बिघडत नाही म्हणून ती सवय पडली, आणि मग तोच हात शाफ्टलाही लागला.

शाफ्ट, आस आणि जाड लोखंड : आधी तापवा

ईएन-८ सारखा शाफ्ट जोडायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान वीतभर भाग आधी १५० ते २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. नुसत्या भेगेवर गॅसची ज्योत धरून उपयोग नाही, आजूबाजूचं लोखंड गरम झालं पाहिजे. ते गरम असलं की टाक्याची उष्णता झटक्यात ओढत नाही, टाका हळू निवतो आणि पट्टी काचेसारखी होत नाही.

किती तापलं हे कसं ओळखायचं? घरातल्या तव्याची खूण इथं कामी येते. जोडापासून लांब एक पाण्याचा थेंब टाकावा. नुसता चुरचुरून आटला तर लोखंड शंभराच्या थोडं वर आहे. थेंब गोळी होऊन पळायला लागला तर साधारण २०० च्या आसपास किंवा त्याहून वर. ही खूण ढोबळ आहे आणि ती शाफ्टसाठीच. तापलेल्या बिडावर पाणी टाकू नये. दुकानदारांसाठी तापमानाचे खडू मिळतात, ठरलेल्या अंशाला खडूची रेघ वितळते. इन्फ्रारेडची बंदूकही मिळते, मात्र कोरोनाच्या काळात कपाळाला लावायची जी बंदूक घरोघरी आली ती इथं कामाची नाही. ती अंगाच्या तापापुरतीच असते.

जोड झाल्यावर लगेच तो भाग परत थोडा तापवून कोरड्या राखेत पुरून ठेवावा. या बाबतीत भातपट्ट्याचं नशीब चांगलं आहे. भाताच्या तुसाची राख उष्णता धरून ठेवायला फार चांगली, आणि ती गिरणीवर मिळते. कोरडी चुन्याची भुकटी किंवा कोरडी रेतीही चालते. राख भिजलेली नको. पावसाळ्यात ती आधी पत्र्यावर भाजून घ्यावी. पार्ट सगळ्या बाजूंनी झाकला जाईल एवढी राख हवी आणि रात्रभर उकरायचं नाही. एक दिवस मोडतो खरा, पण तिसऱ्या दिवशी शाफ्ट परत आणण्यात त्याहून जास्त मोडतो.

जेसीबीच्या बकेटची पुढची पट्टी आणि दात हेही याच जातकुळीतले. साध्या बकेटला लावतात तशी थंडीच काडी लावली की दात दगडावर आपटताच मुळापासून उडतात.

बीड : दोनच रस्ते

पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक, गिरणीचं घर हे बिडाचं. बीड वाकत नाही, ताण आला की थेट फुटतं. त्यामुळे बिडाला वेल्डिंग करताना दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिली गरम रीत. अख्खा पार्ट भट्टीत हळूहळू निदान ३०० अंश, जमल्यास ५००-६०० अंशांपर्यंत तापवायचा, गरम असतानाच जोडायचा आणि राखेत पुरून दिवसभर निववायचा. दुसरी थंड रीत. निकेलची काडी घ्यायची, दोन-तीन सेंटिमीटरचाच टाका मारायचा, टाका गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, मग हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबायचं आणि पुढचा टाका दुसऱ्या टोकाला मारायचा. ठोक्यांमुळे टाका थोडा पसरतो आणि आकसण्याचा ताण उतरतो.

बिघडतं ते मधलं काम. पार्ट अर्धवट तापवायचा, एका दमात लांब टाका ओढायचा आणि वाऱ्यावर ठेवून द्यायचा. निवताना टिक् असा बारीक आवाज आला की समजायचं, नवा तडा गेला. दोन्ही रीतींत भेगेच्या दोन्ही टोकांना आधी तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडावं, नाहीतर भेग पुढं पळते. बिडात मुरलेलं तेल जाळून काढणं हेही आलंच.

पाटे आणि हुक : जोडूच नका

महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून रखडत चाललं, आणि खड्ड्यांनी किती गाड्यांचे पाटे तोडले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुटलेला पाटा जोडून देणारे भेटतात. इथं मात्र राख, तापवणं, थांबणं, काहीही कामी येत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

पाट्याचं पोलाद आधी तेलात बुडवून कडक केलेलं असतं आणि मग साधारण ४००-५०० अंशांवर परत तापवून त्यात लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंग करून तसंच सोडलं तर टाक्याशेजारची पट्टी काच होते. ती काच मोडावी म्हणून ६०० अंशांवर तापवलं तर पाट्याचा लवचिकपणाच जातो, तो पाटा न राहता नुसती पट्टी होते आणि वाकून बसते. म्हणजे दोन्हीकडून वाट बंद. अख्खा पाटा नव्याने कडक करून नव्याने उतरवायचा, हे काम पाटे घडवणाऱ्या भट्टीवरच होतं. त्यापेक्षा नवा पाटा टाकणं स्वस्त. (जुना पाटा वाया जात नाही. लोहाराकडे दिला तर त्याचे कोयते होतात, आणि चांगले होतात.)

हेच ट्रॉलीच्या घडीव हुकाला, जोडपिनेला, स्टिअरिंगच्या दांड्यांना आणि ८.८ किंवा १०.९ असे आकडे ठोकलेल्या बोल्टांना लागू आहे. हे सगळं कारखान्यात उष्णता देऊन कमावलेलं पोलाद असतं. शेतात शाफ्ट तुटला तर नुकसान पैशाचं होतं. भरलेली ट्रॉली महामार्गावर हुकापासून सुटली तर मागून येणारा दुचाकीवाला काय करणार? हुकाला तडा दिसला की हुक बदलावा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. चाकाच्या डिस्कला तडा गेला म्हणून टायर चढवलेल्या अवस्थेत तिच्यावर गॅस किंवा वेल्डिंग कधीही लावू नये, हवा काढली असली तरीही. आतलं रबर तापून वायू तयार होतो, टायर बॉम्बसारखा फुटतो आणि उभा माणूस जागेवर जातो. टायर पूर्ण उतरवल्याशिवाय डिस्कला हात लावू नये.

पावसाळा आणि ओली काडी

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याचा वेल्डिंगशी संबंध आहे तो काडीमुळे. काडीवरचं पांढरं-करडं आवरण ओल शोषून घेतं. जाळात त्या पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या लोखंडात शिरतो. लोखंड निवल्यावर तो बाहेर पडायला वाट शोधतो, आणि ठिसूळ पट्टी सापडली की तिथंच तडा पाडतो. हा तडा लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उमटतो. दुकानातून ठणठणीत नेलेला पार्ट घरी पडून असताना चिरतो, त्याचं कारण हेच असू शकतं.

जाड आणि कडक पोलादाला ७०१८ ही काडी वापरतात, ती खास कमी हायड्रोजनची आहे. पण कोरडी असेल तरच. पाकीट उघडून राहिलं असेल तर ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावी लागते. रोजच्या ६०१३ काडीला शंभरेक अंशांची ऊब पुरते. भाजल्यावर काड्या ठेवायला बंद पडलेल्या फ्रिजमध्ये पिवळा बल्ब लावून ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात, ती चांगली आहे. फक्त बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडीने उजेड पडेल, ऊब येणार नाही.

खरा ताण उतरतो ६०० अंशांवर

राखेत निववल्याने पट्टीचा ठिसूळपणा कमी होतो, पण टाक्यात बसलेला ताण पूर्ण उतरत नाही. तो उतरवायचा तर साध्या लोखंडाला ५८० ते ६५० अंशांपर्यंत हळूहळू तापवावं लागतं, दर २५ मिलिमीटर जाडीमागे साधारण तासभर तिथंच धरावं लागतं आणि भट्टीतच निदान ३०० अंशांपर्यंत हळू उतरवावं लागतं. त्या उष्णतेत लोखंड वितळत नाही, पण मऊ पडतं. ओढलेली दोरी सैल सोडावी तसा ताण आपोआप सुटतो. अंधाऱ्या खोलीत हे लोखंड जेमतेम मंद लाल दिसतं. चेरीसारखं लाल झालं म्हणजे ७५०च्या वर गेलं, इतकं नको.

हे काम औद्योगिक वसाहतींमधल्या भट्ट्यांमध्ये होतं. भट्टीला चार्ट लावलेला असतो, कोणत्या वेळी किती अंश होते त्याची रेघ कागदावर उमटते. भट्टीत न मावणाऱ्या मोठ्या पाइपला जोडावर विजेवर तापणारे मण्यांचे पट्टे गुंडाळून जागेवरच तापवतात. बॉयलर आणि दाबाच्या जाड टाक्यांसाठी तर जाडीनुसार हे बंधनकारकच आहे. बॉयलरला गावातल्या वेल्डरने हात लावणं कायद्यातच बसत नाही. १९२३ च्या कायद्यापासून बॉयलरच्या दुरुस्तीवर सरकारी निरीक्षकांचं लक्ष असतं आणि वेल्डरकडे प्रमाणपत्र लागतं. त्या जागी २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्यातही दुरुस्तीवरची देखरेख कायम आहे. धाटावला कामाला जाणाऱ्या फिटर-वेल्डर मुलांनी मालकाच्या घाईपोटी अशा टाकीला परस्पर टाका मारू नये.

निष्काळजीपणाचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं तेलवाहू जहाज ‘स्केनेक्टडी’. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात उभं असताना हे कोरं करकरीत जहाज मधोमध दुभंगलं. रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या जहाजांची ती पहिली पिढी. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, कच्चं जोडकाम आणि टाक्यांत अडकलेला ताण, अशी कारणं तेव्हा पुढं आली. त्यानंतर जगभर वेल्डिंगचे नियम कडक झाले.

उलट उदाहरण कोलाडकरांच्या दारातच आहे. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि कोलाड तिचं पहिलं स्टेशन. १९९८ मध्ये सगळा मार्ग खुला झाला. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के, म्हणजे वेल्डिंगला अवघडच. तरीही रूळ जागेवरच जोडतात. दोन टोकांभोवती साचा बसवून आधी ती लालभडक तापवतात, मग अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोहाचा गंज यांच्या जाळातून निघालेलं वितळलेलं पोलाद साच्यात ओततात आणि जोड आपोआप निवू देतात. शाफ्टला जे सांगितलं तेच हे काम, फक्त मोठ्या प्रमाणावर.

दुसऱ्या दिवशी तपासा

राखेतून काढलेला पार्ट लगेच बसवू नये. हायड्रोजनचा तडा उशिरा येतो म्हणून शक्य असेल तर एक रात्र आणखी थांबावं. मग टाका आणि दोन्ही बाजू वायर ब्रशने स्वच्छ कराव्यात, डिझेलने पुसून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं, फडक्याने पूर्ण कोरडं करून वर खडूची पूड चोळावी. कुठं बारीक तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्या खडूत ओली काळी रेघ उमटते. रेघ टाक्याला लागून आणि समांतर असेल तर तो भाग घासून काढावा लागेल आणि या वेळी आधी तापवून पुन्हा जोडावा लागेल. नुसता वरून आणखी एक टाका मारून ती रेघ झाकली जाते, बुजत नाही.